काडीपेटीचे छाप आणि कुस्तीचे पत्ते : नव्वदच्या दशकातील एक संग्रह

आज चाळिशीत असलेले आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी एकत्र बसले, की नव्वदच्या दशकाचा विषय निघतो आणि थोड्याच वेळात तो पत्त्यांवर येतो. कोणाजवळ अंडरटेकर होता, कोणी कोणाचा योकोझुना जिंकला, कोणाची पत्र्याची पेटी छापांनी अर्धी भरली होती, हा तपशील त्यांना दहावीच्या गुणांपेक्षा अधिक नेमका आठवतो. इतिहास शिकविणाऱ्यांनी या कागदांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहावे, असे आम्हांस वाटते. मुले काय जमवितात आणि ते कशाच्या मोबदल्यात देतात, यावरून त्या काळचा बाजार, त्या काळची करमणूक आणि मुलांच्या मनातील प्रतिष्ठेची उतरंड दिसून येते.

चित्रांचे पत्ते जमविण्याच्या छंदाचा जन्म तंबाखूच्या धंद्यात झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत. आतील माल चेपू नये म्हणून त्यांत एक जाड पुठ्ठा घालीत. पुढे त्या पुठ्ठ्यावर नट्या, खेळाडू, पक्षी यांची चित्रे छापली गेली. चित्रांचा संच पूर्ण करण्यासाठी गिऱ्हाईक त्याच कंपनीचे पाकीट पुन्हा पुन्हा घेऊ लागले. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे १९०९ ते १९११ या काळातील चित्र अशाच एका मालिकेतले. त्याच्या हरकतीमुळे त्याची छपाई लवकर थांबली आणि थोड्याच प्रती उरल्या. त्यांतील एक प्रत २०२१ मध्ये ६६ लाख डॉलरांना विकली गेली. दुर्मिळतेलाच भाव येतो, हे अर्थशास्त्र आपल्या वसतिगृहातील पाचवीच्या मुलांनाही कोणी न शिकविता कळले होते.

पिंगळीच्या मुलांना फुकट मिळणारे चित्र म्हणजे काडीपेटीवरचा छाप. परभणी ते पूर्णा या लोहमार्गावर आपले स्थानक आहे. गावातील दुकानात मिळणाऱ्या पेट्यांचे छाप सर्वांजवळ असत. त्यामुळे त्यांना किंमत नसे. गाडीतून दूरच्या प्रवाशाने फेकलेली रिकामी पेटी रुळांच्या कडेला सापडली, तर मात्र तिचा एक छाप गावातल्या दहा छापांना जाई. पेटी पाण्यात भिजवून छाप अलगद सोडवायचा, वहीच्या पानांत दाबून वाळवायचा आणि मग डावावर लावायचा. जमिनीवर रिंगण आखून मध्ये छापांची चळत ठेवीत आणि ठरलेल्या रेषेवरून चपटा दगड फेकून ती उडवीत. रिंगणाबाहेर पडतील ते छाप फेकणाऱ्याचे.

या छापांचे मूळ बहुतांशी तमिळनाडूतील शिवकाशी व तिच्या परिसरात आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तेथील अय्या नाडर व षण्मुग नाडर हे दोघे कलकत्त्याला जाऊन काड्या बनविण्याची विद्या शिकून आले. कोरड्या हवेच्या त्या दुष्काळी मुलखात काड्यांचा, मागोमाग फटाक्यांचा आणि छपाईचा धंदा वाढला. आपल्या महाराष्ट्रात अंबरनाथला विम्कोचा मोठा कारखाना होता. ‘शिप’ आणि ‘होम लाइट्स’ या त्याच कंपनीच्या पेट्या. शिवकाशीकडे मात्र शेकडो लहान कारखानदार होते आणि खपलेल्या छापाची नक्कल करण्यात त्यांना संकोच नसे. चित्र तेच, रंग तेच, नावातले एखादे अक्षर तेवढे वेगळे. मुले हा फरक बरोबर टिपत आणि नकली छाप डावात स्वीकारीत नसत. अस्सल साधन व बनावट साधन यांतील भेद आम्ही पुढे वर्गात समजावू लागलो, तेव्हा या मुलांना फारसे सांगावे लागले नाही.

या आठवणीला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही. जे छाप आपली मुले जमवीत होती, ते पेट्यांवर चिकटविण्याचे, काड्या चौकटीत भरण्याचे काम शिवकाशी परिसरात त्यांच्याच वयाची मुले, विशेषतः मुली, करीत होत्या. मजुरी नगावर मिळे. बालकामगार (प्रतिबंध व नियमन) कायदा १९८६ मध्ये झाला आणि काड्यांचे उत्पादन त्याच्या निषिद्ध प्रक्रियांच्या यादीत होते, तरीही हे चालू राहिले. १० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात निकाल दिला. प्रत्येक बालकामगारामागे मालकाने २०,००० रुपये कल्याण निधीत भरावेत आणि त्या मुलाच्या शिक्षणाची सोय व्हावी, असे त्यात म्हटले होते. आपल्या वसतिगृहातील कित्येक मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. वसतिगृह नसते तर तीही मुले फडावर मोळ्या बांधीत राहिली असती. छापाच्या एका बाजूला चित्र होते. मागच्या बाजूला वाळलेली खळ होती, आणि ती कोणत्या बोटांनी लावली हे आमच्यापैकी कोणी तेव्हा विचारीत नव्हते.

नव्वदच्या दशकात लाकडी पापुद्र्याच्या पेट्या मागे पडून थेट छापलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्या सर्वत्र आल्या. सुटा छाप संपला. त्याच सुमारास केबल टीव्ही परभणीत आला आणि त्याच्यासोबत अमेरिकी कुस्तीचे पत्ते आले. परभणीच्या उरुसात खेळण्यांच्या दुकानांवर त्यांचे संच मिळत. प्रत्येक पत्त्यावर मल्लाचे छायाचित्र आणि खाली आकडे : क्रमवारी, उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या व जिंकलेल्या लढती. पत्ते सारखे वाटून घ्यायचे. वरच्या पत्त्यावरील एक आकडा पुकारायचा. ज्याचा आकडा सरस, त्याने समोरच्याचा पत्ता घ्यायचा.

या खेळाचे मर्म असे, की क्रमवारी छापखान्यातच ठरलेली असली तरी तिच्यावर सारे अवलंबून नसे. क्रमवारीत वरचा हल्क होगन वजनाच्या पुकाऱ्यात योकोझुनापुढे टिकत नसे. जाहिरातीत योकोझुनाचे वजन ५०५ पौंड, म्हणजे सुमारे २२९ किलो, सांगितले जाई. उंचीत जायंट गोन्झालेसला तोड नव्हती. जन्माने चिकटलेला क्रम अंतिम मानायचा नाही, हे ज्या घरांत लहानपणापासून ऐकविले जाते, त्या घरांतील मुलांना हा खेळ आवडावा, यात नवल नाही. (रोमन लिपीचे वाचन आणि फूट-इंचांचा हिशेब ही वरकड कमाई. वसतिगृहात पत्त्यांना बंदी होती, हे खरे. ती कितपत पाळली गेली, हे वाचकच जाणतात.)

बहुतेकांच्या पेटीत आणखी एक कप्पा असे आणि त्याचा नियम वेगळा होता. नागपूरच्या दीक्षाभूमीवरून किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून परतणारे आईवडील बाबासाहेबांचे आणि तथागतांचे खिशात मावतील असे फोटो, कापडी फितीचे बिल्ले आणीत. हे फोटो आकाराने पत्त्यांएवढेच असत. पण ते डावावर लावायचे नाहीत, हा दंडक मुलांनीच घालून घेतला होता. बदली चाले, तीही समान वस्तूची. जन्मशताब्दीनिमित्त निघालेले एक रुपयाचे नाणे आणि १४ एप्रिल १९९१ चे एक रुपयाचे टपाल तिकीट यांचीही गणना याच कप्प्यात होई. त्यापूर्वी १९६६ साली १५ पैशांचे आणि १९७३ साली २० पैशांचे तिकीट निघाले होते. जुन्या पाकिटांवरून ते सोडवून घेण्यासाठी मुले शिक्षकांच्या मागे लागत. नाणे खर्चायचे की ठेवायचे, हा गोळ्या-बिस्किटांच्या वयात सोपा प्रश्न नव्हता. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्यानंतर वृत्तपत्रांतील कात्रणेही या कप्प्यात आली. सोळा वर्षांच्या लढ्यात ज्यांची घरे जळाली, ज्यांनी प्राण दिले, त्यांच्या नातवंडांनी कापलेले ते कागद आहेत.

यांतील बराच संग्रह घरांच्या डागडुजीत, पावसात आणि रद्दीत गेला. जे उरले आहे ते नीट ठेवण्यास फार खर्च येत नाही. चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा डिंक काही वर्षांत कागद पिवळा करतो. लॅमिनेशन करू नये. ते पुन्हा सोडविता येत नाही. तिकिटे व छाप वहीत डकविण्याऐवजी कोऱ्या कागदाच्या पाकिटात कोरड्या जागी ठेवावेत. नाणे घासून चकचकीत करू नये. प्रत्येक पाकिटावर, वस्तू आत घालण्यापूर्वी, ती कोठे मिळाली, कोणत्या साली, आणि कशाच्या बदल्यात, एवढे पेन्सिलीने लिहावे.