प्राथमिक शाळेतील बालकांचा आहार आणि रानभाज्या : आंबेनळी परिसराच्या संदर्भात

पोलादपूर व महाबळेश्वर यांना जोडणाऱ्या आंबेनळी घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हा मार्ग बंद पडला होता. अशा डोंगराळ भागात केवळ बाजारच्या भाजीवर विसंबणे योग्य ठरत नाही.

शालेय पोषण आहारात प्राथमिक स्तरावरील विद्यार्थ्यास प्रतिदिन ५० ग्रॅम भाजी निर्धारित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशीनुसार ६ ते ९ वर्षांच्या बालकास फळे व भाज्या मिळून किमान ३५० ग्रॅम आवश्यक आहेत. उर्वरित भाग घरीच मिळावयास हवा.

जूनमध्ये शाळा उघडतात, त्याच सुमारास टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या उगवतात. भारंगीसारख्या भाजीचा कडवटपणा बालकांना रुचत नाही. तथापि, सक्ती न करता तोच पदार्थ थोडाथोडा आठ-दहा वेळा चाखावयास दिल्यास नावड कमी होते, असे बालआहारविषयक अभ्यासांतून आढळले आहे. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास त्यातील लोहाचे शोषणही वाढते.

शिक्षकांनी मुलांसमवेत जेवणे, शाळेत परसबाग फुलविणे आणि जाणत्या आजींकडून कोवळा पाला ओळखावयास शिकविणे, हे उपाय अल्पखर्चिक आहेत. भाजी ओळखणारे मूल ती खाण्यासही प्रवृत्त होते.