किटलीभोवतीचा ब्रिटन

ब्रिटिश घरात चहाचं आधण गॅसवर क्वचितच चढतं. विजेच्या किटलीत पाणी भरायचं, बटण दाबायचं आणि मगातल्या टी-बॅगवर खळखळतं पाणी ओतायचं. दोन-चार मिनिटांनी टी-बॅग चमच्याने मगाच्या कडेला दाबून काढतात आणि वरून फ्रिजमधलं थंड दूध जरासं घालतात. साखर ज्याची त्याने घ्यायची. इतक्या झटपट होणारा हा चहा कुठल्याही प्रसंगी पुढे करता येतो. पाहुणा आला की किटली लागते, घरात वाईट बातमी आली तरी लागते, आणि नळदुरुस्तीला आलेल्या माणसालाही आधी चहाचं विचारलं जातं.

ऑफिसात याचा एक अलिखित नियम झाला आहे. चहाला उठणाऱ्याने आजूबाजूच्या सगळ्यांना विचारायचं. कुणाला कडक लागतो, कुणाला बिनसाखरेचा, हे ध्यानात ठेवायचं. रोज आयता चहा पिऊन स्वतः कधीच न उठणारा माणूस सहकाऱ्यांच्या बरोबर लक्षात राहतो. एरवी एकमेकांच्या खासगी गोष्टींपासून अंतर राखणाऱ्या या समाजात आपुलकी दाखवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

लंडनकर सॅम्युएल पीप्स याने चहा मागवल्याची नोंद आपल्या रोजनिशीत २५ सप्टेंबर १६६० रोजी केली, तेव्हा तो अपूर्वाईचा पदार्थ होता. १६६२मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन दुसऱ्या चार्ल्सची राणी होऊन आली. तिच्या हुंड्यात मुंबई इंग्रजांच्या हाती गेली हे मराठी वाचकाला ठाऊक असतंच. राजदरबारात चहापानाची आवड वाढली तीही तिच्यामुळे. तरी गरिबाच्या घरी चहा पोचायला वेळ लागला, कारण त्यावरचा कर डोईजड होता. त्यामुळेच चोरट्या मालाचा सुळसुळाटही होता. १७८४मध्ये हा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला गेला आणि चोरट्या व्यापारातला फायदाच संपला. १८३९पासून आसामचा चहा लंडनच्या लिलावात येऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात, १९४०मध्ये, चहा रेशनवर गेला. सुरुवातीला माणशी आठवड्याला २ औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम मिळे. हे रेशनिंग १९५२पर्यंत, युद्ध संपल्यावरही सात वर्षं, चाललं.

दूध आधी की नंतर, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. जॉर्ज ऑर्वेलने १९४६मध्ये एका वृत्तपत्रात चांगल्या चहाचे ११ नियम सांगितले आणि दूध नंतरच, असा निर्वाळा दिला. ब्रिटिश मानक संस्थेच्या १९८०च्या मानकात दूध आधी घालण्याची पद्धत आहे. अर्थात ते मानक चवीच्या चाचणीत नमुने सारख्या रीतीने तयार व्हावेत यासाठी आहे. गरम चहात दूध ओतलं तर पहिले थेंब एकदम तापतात आणि त्यांतल्या प्रथिनांचं रूप बदलतं, हा दूध आधी घालण्यामागचा युक्तिवाद. तो चहादाणीतून ओतलेल्या चहाला लागू पडतो. टी-बॅग मगातच असेल तर दूध नंतरच घालावं, नाहीतर पाणी निवतं आणि चहा उतरत नाही.

चहासोबत बिस्किट आलंच. त्याबाबत ब्रिटनमध्ये करविषयक न्यायाधिकरणापुढे खटलाही चालला आहे. तिथे केकवर मूल्यवर्धित कर पडत नाही, चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर पडतो. मग संत्र्याच्या जेलीवर चॉकलेटचा थर असलेला ‘जाफा केक’ कशात मोडतो? शिळं झालं की बिस्किट मऊ पडतं आणि केक कडक होतो. जाफा केक कडक होतो. हा आणि असे आणखी मुद्दे तपासून १९९१मध्ये तो केक ठरला.

चहाच्या सवयीचा खरा आवाका कळतो तो वीजपुरवठ्यात. एक किटली साधारण ३ किलोवॅट ओढते. लाखो घरांत टीव्हीवरचा कार्यक्रम एकाच वेळी संपला आणि माणसं स्वयंपाकघरात गेली की विजेची मागणी क्षणात उसळते. ४ जुलै १९९० रोजी फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टी शूटआउटवर हरलं, तेव्हा मागणी सुमारे २,८०० मेगावॅटने वाढली. कोयनेची पूर्ण स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे, एवढं सांगितलं तरी अंदाज यावा. अशा वेळी वेल्समधलं डिनॉर्विग जलविद्युत केंद्र मदतीला येतं. आपल्या घाटघरसारखंच त्याचं तत्त्व: मागणी कमी असताना पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि गरजेला खाली सोडायचं. त्याची यंत्रं आधीच हवेत फिरती ठेवली तर काही सेकंदांत हजाराहून अधिक मेगावॅट वीज मिळते. त्यासाठी वीज नियंत्रण कक्षातली माणसं टीव्हीच्या वेळापत्रकावरही नजर ठेवतात. आता जो तो आपल्या सवडीने कार्यक्रम पाहत असल्यामुळे रोजच्या मालिकांनंतरची उसळी ओसरली आहे. मोठ्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतराला ती अजूनही दिसते.