विश्लेषण : हृदयाचे ठोके अनियमित असल्याचे कळले, आता मनातली धाकधूक कशी आवरायची?

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील मेडशी हे अकोला-वाशिम मार्गावरचे गाव. अशा गावात तपासणीला गेलेल्या एखाद्याच्या ईसीजीवर ‘ठोके अनियमित’ असा शेरा आला, की पुढच्या तपासण्यांसाठी सहसा वाशिम किंवा अकोला गाठावे लागते. चिठ्ठी हातात पडल्यापासून तज्ज्ञांची भेट होईपर्यंतचे दिवस सर्वांत अवघड असतात. रात्री झोप लागत नाही, हात सारखा नाडीवर जातो आणि मोबाइलवर शोधावे तितकी भीती वाढते. या भीतीत खरे किती, अनाठायी किती आणि नेमके करायचे काय, ते पाहू.

ठोके अनियमित म्हणजे नेमके काय?

मिनिटाला ७० ठोके धरले, तर हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडकते. त्यासाठी लागणारा विद्युत संदेश हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातून निघतो. हृदयाचा हा जणू स्वतःचा स्टार्टर. कधी कधी दुसऱ्याच जागेवरून संदेश सुटतो आणि एखादा ठोका वेळेआधी पडतो. त्यानंतर क्षणभर थांबा येतो आणि ‘ठोका चुकला’ असे वाटते. असे सुटे जादा ठोके निरोगी माणसांतही आढळतात. हृदयाची रचना ठीक असेल, तर ते बहुधा निरुपद्रवी असतात.

‘एट्रियल फिब्रिलेशन’ हा प्रकार मात्र वेगळा. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि नाडीला कुठलीच लय राहत नाही. वाढते वय, उच्च रक्तदाब, थायरॉइडचा विकार, मद्यपान ही त्याची काही कारणे. लहानपणी झालेल्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेल्यांमध्येही तो दिसतो. म्हणूनच डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारावा तो हाच : ‘माझा प्रकार कोणता?’ भीती किती बाळगायची, हे या उत्तरावर ठरते.

काळजी केल्याने धडधड आणखी का वाढते?

मनाने धोका ओळखला की शरीरात ॲड्रेनलिन स्रवते. हृदयाची गती वाढते आणि ठोके छातीत जोरात जाणवू लागतात. ते जाणवले की माणूस आणखी घाबरतो आणि पुन्हा ॲड्रेनलिन स्रवते. दिवसभर शेतात, कामात लक्ष असते, तेव्हा हे कळत नाही. रात्री घर शांत झाल्यावर, डाव्या कुशीवर झोपल्यावर तेच ठोके मोठे वाटतात. म्हणजे त्रास खोटा नसतो. पण धडधड जाणवली म्हणजे दर वेळी हृदयविकार बळावला, असेही नसते.

मोबाइल आणि घड्याळाने मोजत राहावे का?

स्मार्ट घड्याळे अनियमित नाडीची सूचना देतात. अमेरिकेत ॲपल घड्याळावर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४ लाख १९ हजारांहून अधिक लोक होते. त्यांपैकी केवळ ०.५२ टक्के लोकांना अशी सूचना आली. सूचनेनंतर ज्यांनी छातीवर ईसीजी पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांच्यातील ३४ टक्के जणांमध्ये त्या काळात एट्रियल फिब्रिलेशन नोंदले गेले. म्हणजे घड्याळाची सूचना हे तपासणीचे कारण आहे, निदान नव्हे.

दर दहा मिनिटांनी नाडी पाहिल्याने हृदय सुधारत नाही, धास्ती मात्र वाढते. डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढ्याच वेळा, ठरलेल्या वेळी, बसून पाच मिनिटे विश्रांती घेतल्यावर नाडी मोजावी. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावे. त्रास झाल्यास तारीख, वेळ, किती वेळ टिकला आणि तेव्हा काय करत होतो, हे वहीत लिहावे. तज्ज्ञांना ही वही उपयोगी पडते.

मग खरा धोका कशात आहे?

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूकडे गेली की पक्षाघाताचा झटका येतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन पाहणीत या विकारामुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट आढळला होता. हा धोका रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी बराच कमी करता येतो. त्या सर्वांनाच लागत नाहीत. वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा झटका, झडपेचा आजार हे पाहून डॉक्टर निर्णय घेतात.

गोळ्या सुरू असतील तर ‘आता बरे वाटते’ म्हणून त्या बंद करणे धोक्याचे. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊ नये. रक्तस्रावाचा धोका वाढतो. वॉरफेरिन सुरू असल्यास ठरल्याप्रमाणे रक्ताची ‘आयएनआर’ तपासणी करावी. मेथी, पालक सोडण्याची गरज नाही, पण प्रमाण एकदम कमी-जास्त करू नये.

धडधड सुरू झाली की काय करावे?

काम थांबवून बसावे. नाकाने चार अंक मोजत श्वास घ्यावा, सहा अंक मोजत सावकाश सोडावा. पाच मिनिटे असे करावे. यामुळे एट्रियल फिब्रिलेशन बरे होत नाही. पण भीतीने चढलेली गती उतरायला मदत होते. दारू आणि तंबाखू, खर्रा टाळावा. चहाने त्रास वाढतो का, हे स्वतःच्या वहीत पाहून ठरवावे. झोपेची वेळ सांभाळावी. झोपेत मोठे घोरणे, श्वास अडकणे असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. हा त्रास एट्रियल फिब्रिलेशनशी जोडलेला आहे. पेरणी, सोंगणीची जड कामे करायची का, हे अंदाजाने न ठरवता डॉक्टरांना विचारावे. अनेकांना चालणे आणि नेहमीची कामे सुरू ठेवता येतात.

थांबायचे नाही, असे केव्हा?

छातीत दुखणे, बेशुद्ध पडणे, बसल्या जागी धाप लागणे, यांपैकी काहीही झाल्यास लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यामुळे रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला होता, ती वेळ लक्षात ठेवावी.

घरच्यांनी आणि गावाने काय करावे?

‘काही होत नाही, मनावर घेऊ नको’ म्हटल्याने भीती जात नाही. ‘अमक्याचे असेच झाले आणि तो गेला’ हे किस्से तर टाळावेतच. त्यापेक्षा तज्ज्ञांकडे सोबत जावे, प्रश्न आधी लिहून न्यावेत आणि गोळ्यांच्या वेळा लक्षात ठेवाव्यात. ईसीजीचा मूळ कागद फाइलमध्ये जपून ठेवावा आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पुढच्या डॉक्टरांना जुना ईसीजी तुलनेसाठी लागतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, जेवण नकोसे झाले असेल, कामावर किंवा घराबाहेर जायची भीती वाटत असेल, तर त्या चिंतेवरही उपचार घ्यावेत. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतही समुपदेशकाशी बोलता येते. चिंतेवरची गोळी मात्र हृदयाची औषधे कोणती चालू आहेत, ते डॉक्टरांना दाखवूनच घ्यावी.