शेजारघरचे नाताळचे ताट

डिसेंबर महिना उजाडला की बेकऱ्यांच्या काचा लाल-हिरव्या कागदांनी सजू लागतात. आपण ख्रिस्तधर्मीय नसलो तरी नाताळ आपल्या दारापर्यंत येतोच. कार्यालयातील सहकारी, सोसायटीतील शेजारी, मुलांचे मित्र यांच्याकडून केकचे खोके, बिस्किटांचे डबे घरी येतात. आणि आपल्यासारख्या कुटुंबांत एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, यात अंडे असेल काय? देणाऱ्यास विचारावे, की हसतमुखाने स्वीकारून मागाहून दुसऱ्या कुणाला देऊन टाकावे?

हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी आमच्या घरीही उभा राहिला होता. त्या वेळी आम्ही चुकलो. ती चूक आणि तिची दुरुस्ती वाचकांपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१९८४ साली बँकेने माझी बदली मडगावला केली. गोवा तेव्हा राज्य नव्हते, केंद्रशासित प्रदेश होता. आम्ही मूळचे सांगलीकडचे. मिरजेहून मीटरगेज गाडीने घाट उतरून पत्नी, लहान मुलगी आणि माझी आई असे आमचे बिऱ्हाड एका जुन्या कौलारू घराच्या अर्ध्या भागात येऊन स्थिरावले. शेजारच्या घरात एक वृद्ध ख्रिस्ती दांपत्य राहत असे. वाड्यावरचे सारेजण त्या बाईंना ‘आंटी’ म्हणत, म्हणून आम्हीही आंटीच म्हणू लागलो. त्या कोकणी बोलत, आई सांगलीची मराठी बोले; परंतु दोघींना एकमेकींचे समजण्यास अडचण पडली नाही.

आईचे आहाराचे नियम कडक होते. मद्य, मांस, मधु वर्ज्य; अंड्याचा तर प्रश्नच नव्हता. कंदमुळे नाहीत, बहुबीज म्हणून पेरूही नाही आणि सूर्यास्तानंतर भोजन नाही. हे सारे तिने कधी कुणाला सांगून मिरवले नाही, आणि कुणासाठी मोडलेही नाही.

त्या काळी बँकांचे वार्षिक हिशेब ३१ डिसेंबरला बंद होत. त्यामुळे डिसेंबरमध्ये आम्ही रात्री उशिरापर्यंत खतावण्यांत बुडालेले असू. घरी परतताना मात्र रस्त्याच्या दोहो बाजूंना कागदी चांदण्यांचे दिवे लुकलुकताना दिसत. घरोघरी ख्रिस्तजन्माचा गोठा मांडला जाई. त्यातील गवत हिरवेगार दिसावे म्हणून मुले काही दिवस आधी नाचणी पेरून ठेवीत. आपल्याकडे घटस्थापनेला धान्य रुजत घालतात, त्याची मला आठवण होई.

नाताळच्या दोन दिवस आधी आंटींकडून एक ताट आले. त्यावर हाताने विणलेला पांढरा रुमाल झाकलेला होता. रुमाल बाजूला केला तो आत दहा-बारा प्रकारचे पदार्थ! गोव्यात या फराळाला ‘कुस्वार’ म्हणतात आणि नाताळच्या आधी तो शेजारीपाजारी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, वाटण्याची रीत आहे. चतुर्थीला आणि दिवाळीला हिंदू घरांतून ख्रिस्ती घरांत फराळ जातो, त्याचीच ही दुसरी बाजू.

ते ताट म्हणजे गोव्याचा इतिहासच होता. पण तो मला पुढे कळला. त्यातील नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्या. गोव्यातील हिंदू त्या गणेश चतुर्थीला करतात, ख्रिस्ती नाताळला. दोदोल हा नारळाचा रस, तांदळाचे पीठ आणि माडाचा गूळ यांचा पदार्थ मलाया, इंडोनेशिया आणि श्रीलंकेतही केला जातो. म्हणजे सागरी व्यापाराच्या वाटांवरचा हा प्रवासी. बिबिंक मात्र पोर्तुगीज वळणाची. पोर्तुगालमधील मठांतल्या मिठाईत अंड्याच्या बलकाचा सढळ वापर असे. तीच पद्धत येथे आली आणि तिला नारळाचा रस मिळाला. एक थर भाजून झाला की त्यावर दुसरा ओतायचा, असे किमान सात थर. आणि भाजणे वरच्या आचेवर, म्हणजे झाकणावर करवंटीचे निखारे ठेवून. याशिवाय रवा-नारळाचा ‘बात’ हा केक, ‘बोलीन्य’ नावाची खुसखुशीत बिस्किटे, काट्या-चमच्यावर किंवा फणीवर वळलेली कुलकुले, भाजलेल्या तांदळाचे पिनाग्र, पेरूची वडी ‘पेराद’ आणि चणाडाळीची वडी ‘दोस’. आपण सहज वापरतो तो ‘नाताळ’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडूनच मराठीत आला आहे. ‘पाव’ही त्यांचाच आणि ज्यासाठी मी नोकरी करीत होतो तो ‘पगार’ही.

आईने ताट दोन्ही हातांनी घेतले, आंटींना बसवले, पाणी दिले. त्या गेल्यावर तिने ते ताट उचलून फळीवर ठेवले. कशात अंडे आहे आणि कशात नाही हे आम्हांला ठाऊक नव्हते. विचारायला हवे होते. परंतु एवढ्या प्रेमाने आणलेल्या पदार्थांची चौकशी करणे मला असभ्यपणाचे वाटले. दुसऱ्या दिवशी मी सारे पदार्थ एका पिशवीत भरले आणि बँकेतील शिपायाला दिले. ताट धुऊन मोलकरणीच्या हाती परत पाठवले, तेही रिकामे. शेजारघरचे भांडे रिकामे परत करू नये, हे आपल्याकडचे पोरही जाणते. त्या घाईत तेवढेही भान मला राहिले नाही.

तो शिपाई आंटींच्याच वाड्यावरचा होता. “साहेबांनी दिले,” असे त्याने सरळ मनाने त्यांना सांगितले.

आंटी काही बोलल्या नाहीत. कुंपणापाशी दिसल्या तर हसत. पण पूर्वीसारख्या थांबत नसत. जानेवारीत संक्रांतीचा तिळगूळ घेऊन आई आणि पत्नी त्यांच्याकडे गेल्या. तिळगूळ हातात घेऊन आंटींनी आईला विचारले, “माई, तुमकां माझ्या हातचें चालना काय?”

पत्नीने हे मला रात्री सांगितले तेव्हा मला वर तोंड करून बघवेना. आपण सौजन्य म्हणून जे केले त्याचा अर्थ समोरच्या माणसाने काय लावला असेल, याचा मी विचारच केला नव्हता. आमच्या मौनामुळे त्या वृद्ध बाईंच्या मनात अशी शंका आली की, आम्ही त्यांच्या हातचे, त्यांच्या धर्माचे म्हणून टाकून दिले.

आई मात्र गडबडली नाही. ती म्हणाली, “बाई, तुमच्या हातचे चालते. अंडे चालत नाही. हे त्याच दिवशी सांगायला पाहिजे होते. चूक आमची.”

त्यावर आंटींनी म्हणे कपाळाला हात लावला. “मग सांगायचे नाही काय? निम्म्या ताटात अंडेच नव्हते!”

पुढच्या वर्षी, १९८५ च्या डिसेंबरात, त्यांनी आईला आपल्या स्वयंपाकघरातच नेऊन बसवले. बिबिंक, बात, बोलीन्य यांत अंडे. कुलकुलांत काही घरी घालतात, काही घरी नाही. दोदोल, दोस, पिनाग्र, नेवऱ्या यांत मुळीच नाही. पेराद पेरूची म्हणून आईसाठी बाद. मग आंटींनी आपल्या कामाचा क्रमच बदलला. भांडी उकळत्या पाण्याने घासून आधी अंड्याविना होणारे पदार्थ केले, ते वेगळ्या डब्यात भरले आणि अंडी त्यानंतरच स्वयंपाकघरात आणली. हे आम्ही त्यांच्याकडे मागितले नव्हते.

दोदोल करणे हे एकट्याचे काम नव्हे. तांब्याच्या काहिलीत नारळाचा रस, पीठ आणि गूळ एकत्र करून तासन् तास ढवळावे लागते. हात थांबला की बुडाला लागते. नारळाचे तेल सुटून मिश्रण काळसर आणि चकचकीत होईपर्यंत उलथणे फिरत राहते. आईनेही आपली पाळी घेतली. ऊन उतरू लागल्यावर ती जेवणासाठी उठली, तेव्हा आंटींनी कारण विचारले. आईने रात्रिभोजन-त्यागाचा नियम सांगितला. आंटी म्हणाल्या, “आमचे वडीलधारे नाताळच्या आदल्या दिवशी उपास करीत. खाणे मग रात्री.”

आईला याचे फार नवल वाटले. ख्रिस्ती सण म्हणजे खाणेपिणे, एवढीच तिची कल्पना होती. मीही मागाहून वाचले तेव्हा ध्यानात आले की, नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा ‘आगमनकाळ’ हा मुळात संयमाचा आणि प्रतीक्षेचा काळ आहे. २४ डिसेंबर हा कॅथलिक परंपरेत दीर्घकाळ उपवासाचा दिवस होता. पोर्तुगालमध्ये त्या उपवासानंतरच्या रात्रीच्या भोजनाला ‘कोन्सोआदा’ म्हणतात आणि गोव्यातील फराळाच्या ताटाचे नाव त्याच शब्दापासून आले, असे सांगतात. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात आगमनकाळात लोणीदेखील वर्ज्य होते. तेथील ‘स्टोलन’ हा नाताळचा पाव त्यामुळे तेल घालून केला जाई आणि तो बेचव लागे. अखेर राज्यकर्त्यांच्या विनंतीवरून १४९१ साली पोप आठवे इनोसंट यांनी लोणी वापरण्याची परवानगी देणारे पत्र धाडले. इतिहासात ते ‘लोणीपत्र’ म्हणूनच प्रसिद्ध आहे. आज लोण्याने आणि सुक्या मेव्याने भरलेला तो पाव पाहून, त्याच्यामागे असा निषेध होता हे कुणाला खरे वाटणार नाही.

वर्ज्यावर्ज्य ही आपलीच मक्तेदारी, असे मी समजत होतो. ज्या बाईंच्या घरात उपवासाची आठवण होती, त्यांना आईचा नियम समजावून सांगण्याची गरजच नव्हती. तो आहे, एवढे कळणे पुरेसे होते. आणि तेवढेच आम्ही सांगितले नव्हते.

त्या वर्षीचे ताट दुपारी चार वाजता आले, सूर्य मावळायच्या पुष्कळ आधी. आईने रुमाल काढला आणि आंटींसमोरच दोदोलाचा तुकडा तोंडात टाकला.

१९८६ च्या ऑक्टोबरात आंटींचे यजमान वारले. डिसेंबर आला, त्यांच्या व्हरांड्यात चांदणी लागली नाही, गोठा मांडला गेला नाही, काहील खाली उतरली नाही. आईने तेव्हा कुणालाही न विचारता चणाडाळ शिजत लावली. कृती तिने पाहून ठेवली होती. नाताळच्या आदल्या दिवशी दोसाच्या वड्या ताटात मांडून, वर आपला धुतलेला रुमाल टाकून ती शेजारी गेली. मीही बरोबर होतो. आंटी बराच वेळ ताटाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “नारळ थोडा जाड वाटला आहे.” आणि एक वडी उचलून तिचा अर्धा भाग त्यांनी आईच्या हातावर ठेवला. बाहेर अजून उजेड होता.

१९८७ मध्ये, गोवा राज्य झाले त्याच वर्षी, माझी बदली झाली. आंटी आता नाहीत आणि आईही नाही. दोसाची वडी मात्र आमच्या घरी दर डिसेंबरला होते. पाव किलो चणाडाळ मऊ शिजवून पाणी निथळून वाटावी. एका मध्यम नारळाचे खोबरे बारीक वाटून घ्यावे. जाड राहू देऊ नये. दोन्ही एकत्र करून त्यात सुमारे चारशे ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर सतत ढवळावे. मिश्रण कडा सोडू लागले की दोन चमचे तूप आणि वेलचीपूड घालावी. गोळा जमून आला की तूप लावलेल्या थाळीत थापून, निवल्यावर शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या पाडाव्यात.

आता खोक्यांवर हिरवी किंवा तपकिरी खूण छापलेली असते. अंडे घातलेल्या पदार्थावर तपकिरी खूण येते. ती पाहून निर्णय घेता येतो. घटक पदार्थांची यादीही जरूर वाचावी, कारण सुका मेवा रममध्ये भिजवून केलेले केक या दिवसांत सर्रास मिळतात. परंतु शेजारणीने स्वतःच्या हातांनी करून आणलेल्या ताटावर कोणतीच खूण नसते. तेथे आपल्यालाच बोलावे लागते. “यात अंडे आहे का? आमच्याकडे चालत नाही, म्हणून विचारते,” एवढे हसून म्हटले तर कुणी रागावत नाही, असा माझा अनुभव आहे. पुष्कळदा पुढच्या वर्षी आपल्यासाठी वेगळी वाटी येते.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर यंदा वसईकडचे एक ख्रिस्ती कुटुंब राहावयास आले आहे. त्यांच्याकडून काही येण्याची वाट पाहण्यापेक्षा या वेळी आमचे ताट आधी वर न्यावे, असे पत्नीने ठरवले आहे. नारळ बारीक वाटण्याचे काम माझ्याकडे आहे.