पडक्या सिनेगॉगमधल्या आठ रात्री

आज दिवेलागणीला ज्यूंच्या हनुक्का सणाचा पहिला दिवा लागेल. मक्काबी या ज्यू बंडखोरांचा विजय, आठ दिवस पुरलेलं तेल ही सणामागची हकिकत दर वर्षी छापून येते. ती पुन्हा सांगत नाही. मला सांगायचंय ते एरिक किमेल यांच्या 'हर्शेल अँड द हनुक्का गॉब्लिन्स' या 1989 च्या चित्रपुस्तकाबद्दल.

टेकडीवरचं जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, भुतांनी बळकावलंय. त्यांच्या धाकाने गावात हनुक्काच होत नाही. धाक मोडायचा तर कुणीतरी आठही रात्री तिथे काढायच्या, रोज दिवे लावायचे. आणि आठव्या रात्री ते खुद्द भुतांच्या राजाने लावले पाहिजेत. हर्शेल तयार होतो. ऑस्ट्रोपोलचा हा हर्शेल म्हणजे यिद्दिश लोककथांतला तेनालीराम, फक्त कायम उपाशी.

त्याच्याजवळ शस्त्र नाही. शिदोरीत उकडलेली अंडी आणि काकडीच्या लोणच्याची बरणी. पहिल्या भुतासमोर तो अंडं मुठीत चुरडतो, जणू दगडच फोडला. दुसऱ्याचा हात बरणीत अडकतो. मूठ सोडली तर निघेल, पण लोणचं सोडवत नाही. तिसरं भूत ड्रेडलच्या, म्हणजे हनुक्काच्या भोवऱ्याच्या, डावात सोनं हरतं. राजा येतो तेव्हा मात्र अंगावर काटा येतो. हर्शेल त्याला म्हणतो, अंधारात तू राजा कशावरून? राजा चिडून दिवे लावतो. ते कसले दिवे, हे त्याला ठाऊक नाही. मांडीवर बसून ऐकणाऱ्या पोराला मात्र ठाऊक असतं. सणाचं ज्ञान इथे पाठांतर राहत नाही, ती पोराच्या हातातली युक्ती होते.

ट्रिना शार्ट हायमन यांची चित्रं तर जिवंत आहेत. 1985 मध्ये चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळवलेल्या या चित्रकर्तीने भुतांना गोंडस केलेलं नाही. अंधार खरा अंधार आहे, म्हणून मेणबत्तीची ज्योतही खरी वाटते. 1990 मध्ये पुस्तकाला कॅल्डेकॉट सन्मान मिळाला. प्रार्थनास्थळ दाखवायचं म्हटलं की मुलांच्या पुस्तकांत सगळं स्वच्छ, हसरं, शहाणं होतं. मला ते पटत नाही. रिकाम्या गाभाऱ्यात पोरांना भीती वाटते, आणि तिथेच त्यांची कल्पना धावू लागते.

पुस्तकातल्या गावासारखाच हनुक्का नसलेला समाज आपल्याकडेही होता: कोकणातले बेने इस्रायली ज्यू. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, ते मक्काबींच्या विजयाआधी मायदेश सोडून निघालेले. म्हणून हनुक्का त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीतच नव्हता. तो नंतर शिकावा लागला. सिनेगॉगला मात्र त्यांनी घरगुती मराठी शब्द दिला: मशीद. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं, तेही 'जुनी मशीद'च झालं. हर्शेल मराठीत आणायचा झाला, तर टेकडीवरच्या त्या इमारतीला मी हाच शब्द वापरीन.