परक्या पात्रांपासून परक्या हस्तलिखितापर्यंत

वसईजवळच्या जूचंद्र गांवाची ख्याति रांगोळीकारांचें गांव म्हणून आहे. तेथील कलावंत प्रसिद्ध व्यक्तींचे चेहरे रांगोळींत हुबेहूब उतरवितात. चेहरा दुसऱ्याचा, हात मात्र आपला; आणि कपाळावरची एक आठी चुकली तर चित्र भलत्याच माणसाचें होतें. आवडत्या कादंबरींतील पात्रें घेऊन नवी कथा रचणें, ज्यास हल्लीं ‘फॅन फिक्शन’ म्हणतात, हा त्याच जातीचा अभ्यास होय. पुष्कळ सुशिक्षित घरांत त्यास पोरखेळ समजतात, तें बरोबर नाहीं.

मराठीस हा प्रकार नवा नाहीं. मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) एकाच रामकथेवर कितीतरी रामायणें रचलीं. त्यांतील ‘निरोष्ठ रामायणां’त ओष्ठ्य वर्ण कटाक्षानें टाळले आहेत. कथा ठरलेली, पात्रें ठरलेलीं. झुंज उरली ती केवळ शब्दांशीं. हरि नारायण आपटे यांची ‘मधली स्थिति’ (१८८५) रेनॉल्ड्सच्या कादंबरीच्या आधारानें सुरू झाली. पुढें १८९० मध्यें त्यांनीं ‘करमणूक’ काढलें आणि पंचवीसांहून अधिक वर्षें चालविलें.

परक्या पात्रांवर लिहिणाऱ्यास एक कान लाभतो: अमुक वाक्य या पात्राच्या तोंडीं शोभेल कीं नाहीं, हें त्यास चटकन् कळतें. संपादकास नेमका हाच कान लागतो. नायगांव-जूचंद्रकडील मिठागरांवर राबलेली एखादी आजी कादंबरींत आगरी बोलते. नवशिका संपादक तिचीं वाक्यें शुद्ध करावयास धांवतो, आणि आजी मरते! साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम निवेदकाच्या गद्यास लागू करावे. आजीच्या जिभेस नव्हे. लाल शाईची हौस येथें फार घातक. चुकीपुढें समासांत प्रश्न लिहावा, उत्तर लेखकास देऊं द्यावें.

हे प्रश्न मात्र नेमके असावेत. ‘हें प्रकरण रटाळ आहे’ एवढ्यानें लेखकाचें कांहींच भागत नाहीं; ‘नायकास पत्राची बातमी तिसऱ्या प्रकरणांतच कळली होती, मग सातव्यांत तो चकित कां होतो?’ असें विचारल्यास लेखक आनंदानें दुरुस्ती करतो.

आतां पैशाची गोष्ट. संपादन स्वस्त असावें म्हणजे घाईचें असावें असें नाहीं. काम नेमून घ्यावें. समजा, ६०,००० शब्दांची कादंबरी आहे आणि तासास १,५०० शब्द काळजीपूर्वक वाचून होतात. एका वाचनास ४० तास लागले. शब्दास २५ पैसे घेतल्यास १५,००० रुपये, म्हणजे तासास ३७५ पडतात. तेवढ्याच रकमेंत दुसरें वाचन कबूल केलें कीं तासाची मिळकत निम्म्यावर येते. स्वतंत्र काम करणारे बहुधा येथेंच बुडतात. लेखकाची ऐपत कमी असेल तर दर पाडण्याऐवजीं पहिलीं तीन प्रकरणेंच तपासून द्यावीं; उरलेल्या भागांत लेखक तोच धडा स्वतः गिरवितो.

कायद्याचेंही भान हवें. १९५७ च्या कायद्यान्वयें ग्रंथावरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षें राहतो. आपटे १९१९ मध्यें वारले. त्यांच्या हयातींत प्रसिद्ध झालेले ग्रंथ आतां सर्वांस मोकळे आहेत. शेजारच्या अर्नाळ्याचें नांव लावणारे बाबूराव अर्नाळकर १९९६ मध्यें निवर्तले, त्यामुळें ‘झुंजार’च्या नव्या कथा विकावयाच्या तर २०५६ अखेरपर्यंत वारसांची परवानगी विचारावी. सराव म्हणून वहींत लिहून ठेवण्यास कोणाची हरकत असण्याचें कारण नाहीं.