स्मरणचित्र आणि नाट्य : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एक विचार

सहावी ते आठवीच्या वर्गांत चित्र आणि नाट्य या दोन कलांच्या वाट्याला फार वेगळी स्थिती आलेली आहे. चित्रकलेच्या पाठीशी परीक्षा उभी आहे. महाराष्ट्राचे कला संचालनालय एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा घेते, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीत वाढीव गुणांची जोड आहे. त्यामुळे वेळापत्रकात चित्रकलेचा तास टिकून राहतो. नाट्याला असा आधार नाही. ते बहुधा स्नेहसंमेलनापुरतेच उरते. या फारकतीमुळे नाट्याइतकीच चित्रकलेचीही हानी होते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एलिमेंटरी परीक्षेतील स्मरणचित्र हा विषय पाहावा. दिलेला प्रसंग मानवाकृतींसह आठवणीने रेखाटावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. निरीक्षणाची कसोटी हा त्याचा मूळ उद्देश होय. प्रत्यक्षात मात्र विद्यार्थी पुष्कळदा बाजार, बसथांबा, पतंग उडविणारी मुले असे ठराविक प्रसंग छापील नमुन्यांवरून गिरवून पाठ करतात. येथे स्मरण होते ते दुसऱ्याच्या चित्राचे. स्वतः पाहिलेल्या प्रसंगाचे नव्हे. उसाच्या सपाट शिवारात वाढलेला मुलगाही दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्यच काढतो, याचे मर्म येथे आहे.

यास वयाचेही कारण आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ या ग्रंथात असे प्रतिपादिले की, या वयाच्या सुमारास मूल आपल्या चित्राकडे टीकेच्या दृष्टीने पाहू लागते. हात साधत नाही असे वाटले की ते नमुन्याचा आश्रय घेते, किंवा चित्र काढणेच सोडते. काही मुले जग मुख्यतः डोळ्यांनी अनुभवतात, तर काही शरीराच्या संवेदनांनी, हा त्यांनी केलेला भेदही महत्त्वाचा आहे. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला केवळ ‘नीट पाहा’ असे सांगून भागत नाही. त्याला प्रसंगात उभे करावे लागते. येथे नाट्याचा उपयोग होतो.

या दोन तालुक्यांत त्यासाठी सामग्री शोधण्यास दूर जावे लागत नाही. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून पुढे निघाली की काटेवाडीस परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो व मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे इंदापूर तालुक्यात बेलवाडीस अश्वांचे गोल रिंगण होते. हा सोहळा येथील मुलांनी पाहिलेला असतो. शाळेच्या पटांगणात वर्तुळ आखून निम्म्या मुलांनी मेंढपाळ, पताकाधारी, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली स्त्री, मागून टाचा उंचावून पाहणारा प्रेक्षक अशा भूमिका घ्याव्यात. शिक्षकाने टाळी देताच सर्वांनी जागच्या जागी स्तब्ध व्हावे. उरलेल्यांनी पाहावे : भार कोणत्या पायावर आहे, कोण कोणाला झाकतो, दूरची माणसे किती लहान दिसतात. नंतर गटांनी भूमिका बदलाव्यात आणि मग कागद हाती घ्यावा. जमिनीवरचे वर्तुळ उभ्या प्रेक्षकास चपट्या लंबवर्तुळासारखे दिसते आणि गच्चीवरून तेच अधिक गोल होते, हा यथार्थदर्शनाचा नियम मुलांना व्याख्येवाचून उमगतो.

न पाहिलेल्या प्रसंगासाठीही ही रीत उपयोगी आहे. उजनी जलाशयात इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव बुडाले. पाणी ओसरले म्हणजे तेथील पळसनाथाचे मंदिर वर दिसते. गाव सोडतानाची हकीकत घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून मुलांनी ती अभिनयाने मांडली व मग रेखाटली, तर चित्राला सांगण्यासारखे काही लाभते.

येथे दोन पथ्ये पाळणे अवश्य आहे. पहिले, अभिनयास गुण देऊ नयेत. पीटर स्लेड यांनी १९५४ सालच्या ‘चाइल्ड ड्रामा’ या ग्रंथात मुलांच्या स्वयंस्फूर्त नाट्याला अकाली रंगमंचावर आणण्याविरुद्ध दिलेला इशारा स्मरणात ठेवावा. दुसरे, श्रद्धेच्या विषयाचे विडंबन होऊ देऊ नये.

प्रश्न उरतो तो शिक्षकाचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी अंशकालीन कलानिदेशकाची तरतूद आहे; परंतु ती शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांपुरती. लहान पटाची वाडीवस्तीवरील शाळा तिच्याबाहेर राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलांना अभ्यासक्रमात महत्त्वाचे स्थान दिले, आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या सहावीसाठीच्या ‘कृती’ या पाठ्यपुस्तकात (२०२४) दृश्यकला व नाट्य एकत्र आले. तथापि पुस्तक पोहोचले म्हणजे शिक्षक पोहोचला असे होत नाही. म्हणून वर सुचविलेला पाठ भाषेच्या वा इतिहासाच्या शिक्षकासही घेता येईल, असाच मुद्दाम ठेवला आहे. त्यास पटांगण, खडू आणि कागद एवढेच साहित्य लागते. अध्यापक-विद्यार्थ्यांनी आपल्या सराव-पाठांत तो घेऊन पाहावा. त्याच वर्गाची पाठापूर्वीची आणि पाठानंतरची स्मरणचित्रे शेजारी ठेवून तपासली, तर या विचाराची सत्यासत्यता आपोआप ठरेल.